जनरल डबा पुरुषांचा नसतो: पुरुषांच्या फुटबॉलमध्ये बाई कधी खेळू शकेल का?

डिसेंबर २००४. मेक्सिकोतल्या सेलाया या शहराच्या क्लबने एका नव्या स्ट्रायकरशी, म्हणजे गोल करायला पुढे खेळणाऱ्या खेळाडूशी, करार केला. क्लब पुरुषांच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळणारा, आणि स्ट्रायकर होती मारिबेल डोमिंगेस, वय २६, मेक्सिकोच्या महिला संघाची हुकमी खेळाडू. लहानपणी पोरांमध्ये खेळायला मिळावं म्हणून ती आपण मुलगाच आहोत असं सांगायची, 'मारियो' म्हणून खेळायची. आता लपवालपवीची गरज उरली नव्हती. क्लबला ती हवी होती, तिला खेळायचं होतं. मेक्सिकोच्या फुटबॉल संघटनेने फिफाला, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेला, विचारलं आणि १९ डिसेंबरला फिफाने सांगून टाकलं की पुरुषांचं आणि महिलांचं फुटबॉल स्पष्टपणे वेगळंच राहिलं पाहिजे, अपवाद नाही. विषय संपला. पुढच्या वर्षी डोमिंगेस बार्सिलोनाच्या महिला संघात गेली.

महिलांचा वर्ल्ड कप आला की हा प्रश्न पुन्हा डोकं वर काढतो. एकजण म्हणतो, "एवढ्या भारी खेळतात, मग पुरुषांच्या संघात का नाही घेत?" दुसरा म्हणतो, "शक्यच नाही, शाळकरी पोरांकडून हरतात त्या." मग भांडण जुंपतं आणि प्रश्न तिथेच राहतो. मला वाटतं, आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवतो म्हणून हा गुंता होतो. बाईला खेळायची परवानगी असावी का, हा एक प्रश्न. परवानगी दिली तर ती तिथे टिकेल का, हा दुसरा. पहिला माणसांनी केलेल्या नियमाचा आहे आणि दुसरा शरीराचा.

## 'पुरुषांचं व्यावसायिक फुटबॉल' म्हणजे नेमकं काय

आपल्या डोळ्यांसमोर लगेच प्रीमियर लीग येते. पण व्यावसायिक म्हणजे एवढंच की खेळ हे त्या माणसाचं पोटापाण्याचं काम आहे, क्लबशी करार आहे, पगार मिळतो. एकट्या इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचे २० क्लब आणि त्याखालच्या तीन श्रेणींचे ७२, असे ९२ क्लब आहेत. प्रत्येकी पंचवीस खेळाडू धरले तरी दोन हजारांवर माणसं होतात, आणि बाकीच्या देशांमधल्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणी वेगळ्याच. सेलायासुद्धा दुसऱ्या श्रेणीतच होता. तेव्हा "बाई पुरुषांमध्ये खेळेल का" असं विचारताना कुठल्या पायरीवर, हे आधी विचारायला हवं. शिखरावरचं उत्तर आणि चौथ्या पायरीवरचं उत्तर एकच असेल असं नाही.

## नियमाची भिंत: लोकलचा डबा आठवा

मुंबईच्या लोकलमध्ये लेडीज डबा असतो. गर्दीत बायकांना हक्काची जागा मिळावी म्हणून तो राखून ठेवलेला आहे. पुरुषाने त्यात चढायचं नाही. पण बाकीचे डबे पुरुषांचे नसतात, ते जनरल असतात. घाईत असलेली बाई समोर येईल त्या जनरल डब्यात चढते आणि तिला कोणी उतरवत नाही. धक्के खायचे की नाही, हे तिचं तिने ठरवायचं.

खेळातला महिला गट हा असा लेडीज डबा आहे. तो नसता तर वरच्या पातळीवर बायकांना जागाच मिळाली नसती, म्हणून तो राखलेला आहे आणि राखलेलाच राहिला पाहिजे. फुटबॉलने मात्र जनरल डब्यावर 'फक्त पुरुष' अशी पाटी लावून टाकली. त्या पाटीने कोणाचं रक्षण होतं? पुरुषांना तर रक्षणाची गरज नाही. उद्या एखाद्या क्लबने बाईला घेतलं आणि ती कमी पडली, तर नुकसान त्या क्लबचं. कमी पडली नाही, तर कोणाचंच नाही.

पंचांच्या बाबतीत फुटबॉलने हे मान्यही केलंय. पुरुषांच्या सामन्यात पंच व्हायचं तर पुरुष पंचांसाठी असलेली धावण्याची चाचणी पार करावी लागते. ती पार करून फ्रान्सची स्टेफानी फ्रापार १ डिसेंबर २०२२ ला पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये कोस्टारिका विरुद्ध जर्मनी या सामन्याची मुख्य पंच झाली. वर्षभराने, २३ डिसेंबर २०२३ ला, रिबेका वेल्च प्रीमियर लीगमध्ये उतरली. 'चाचणी एकच, पास झालीस तर ये' हे शिट्टी वाजवणारीला लागू होतं, मग बूट घालून खेळणारीला का नाही? मला याचं पटेल असं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

शिवाय खेळांमधल्या सगळ्याच भिंती शरीरामुळे उभ्या राहिल्या, असंही नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट नेमबाजीत, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम धरायच्या स्पर्धेत, पुरुष आणि महिला एकत्र होते. चीनची झांग शान सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्णपदक घेऊन गेली. पुढच्या ऑलिंपिकमध्ये, १९९६ ला, ही स्पर्धा फक्त पुरुषांसाठी झाली आणि महिलांसाठी वेगळी ठेवलीच नाही. विजेतीला आपलं पदक राखायला जागाच उरली नाही. महिलांचं स्कीट आलं ते २००० मध्ये.

## शरीराची भिंत: ती खरी आहे

इथे मात्र मला गुळमुळीत बोलायचं नाही. ही भिंत खरी आहे आणि उंच आहे.

दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या धावण्यात, उडी मारण्यात फारसा फरक नसतो. वयात येताना मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक, म्हणजे शरीर स्वतः रक्तात सोडतं ते रसायन, झपाट्याने वाढतं. प्रौढ पुरुषात ते बाईच्या साधारण पंधरा पट असतं. त्याने स्नायू वाढतात, हाडं लांब आणि जाड होतात, हृदय आणि फुप्फुसं मोठी होतात, आणि रक्तातलं प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन साधारण बारा टक्क्यांनी जास्त असतं. सराव दोघांनी सारखाच केला तरी मुळातलं इंजिन वेगळं पडतं.

आकड्यांत पाहू. १०० मीटरचा विश्वविक्रम पुरुषांमध्ये उसेन बोल्टचा, ९.५८ सेकंद. महिलांमध्ये फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनरचा, १०.४९. कागदावर सेकंदाहूनही कमी फरक. पण बोल्ट रेषा ओलांडतो त्या क्षणी ती साधारण नऊ मीटर मागे असते. फुटबॉलमध्ये कोणी सरळ शंभर मीटर पळत नाही, पण वीस मीटरवर सुटलेल्या चेंडूसाठी पळापळ रोजची. वेगात दहा टक्क्यांचा फरक असेल तर तिथे दोन मीटर पडतात, आणि दोन मीटरमध्ये समोरचा चेंडू घेऊन वळलेला असतो.

उंच उडीचं उदाहरण तर गोलपोस्टशेजारीच मांडता येतं. गोलच्या आडव्या दांड्याची खालची कड जमिनीपासून २.४४ मीटरवर असते. क्युबाच्या हावियेर सोतोमायोरने १९९३ मध्ये २.४५ मीटर उडी मारली, म्हणजे अख्खं शरीर त्या कडेच्या वरून नेलं. महिलांचा विक्रम युक्रेनच्या यारोस्लावा माहुचिखने २०२४ मध्ये केलेला २.१० मीटरचा. ३५ सेंटिमीटरचा फरक. आता कॉर्नर किक येते आहे आणि हेडरसाठी दोघं एकत्र उडताहेत, असं डोळ्यांसमोर आणा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांची जाळी २.४३ मीटर उंच, महिलांची २.२४. बास्केटबॉलमध्ये महिलांचा चेंडू लहान, क्रिकेटमध्ये हलका. फुटबॉलमध्ये मात्र काहीच बदललेलं नाही. तेच मैदान, तोच चेंडू, तीच नव्वद मिनिटं, तोच ७.३२ मीटर रुंदीचा गोल, जो पुरुषांच्या अंगकाठीला धरून ठरलेला आहे. महिला गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू गेला की लोक हसतात. ती ज्या चौकटीत उभी आहे ती तिच्या मापाची शिवलेलीच नाही, हे हसण्याआधी आठवावं.

## "पण काही बायका काही पुरुषांपेक्षा सरस असतातच की"

असतातच. आपल्या सोसायटीत सगळ्यांची उंची मोजा. कित्येक बायका कित्येक पुरुषांपेक्षा उंच निघतील. पण सगळ्यांत उंच दहा जण निवडा, बहुतेक दहाही पुरुष असतील. मधल्या पट्ट्यात दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले असतात, टोकाला एकच उरतो.

प्रीमियर लीग हे असलं टोक आहे. जगभरातल्या कोट्यवधी मुलांमधून गाळून गाळून काही शे उरतात. तिथे बाई पोचेल असं मला वाटत नाही, आणि हे लिहिताना वाईट वाटतं तरी लिहिते. पण जसजसं खाली यावं तसतसा मिसळलेला पट्टा जवळ येतो. तो नेमका कुठल्या पायरीपर्यंत चढतो, हे आज ठामपणे सांगता येणार नाही, कारण ते पाहायचं दारच बंद आहे.

सरासरी आणि व्यक्ती यांतली ही गल्लत कोर्टातही झाली आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एका शाळकरी मुलीला मुलांच्या संघातून खेळायचं होतं. त्या मुलांमध्ये ती कमी पडत नव्हती. खालच्या कोर्टाने तिची बाजू घेतली, पण अपील कोर्टाने निकाल फिरवला. कायद्यातली तुलना सरासरी बाईच्या ताकदीची आहे, असं ठरलं. ही मुलगी वयातही आलेली नव्हती आणि तिला मोजलं ते मोठ्या बायकांच्या सरासरीवर. क्लब कधी सरासरी विकत घेत नाही. क्लब एक माणूस घेतो.

## "मेस्सीही बुटकाच आहे ना?"

बरोबर, १.७० मीटर. फुटबॉल कौशल्याचा खेळ आहे, नुसत्या धिप्पाडपणाचा नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न कुस्ती किंवा वेटलिफ्टिंगमध्ये कोणी विचारत नाही, फुटबॉलमध्ये विचारतात. पण मेस्सी लहान असला तरी त्याची पहिल्या तीन पावलांतली उसळी, अंगावर येणाऱ्याला खांद्याने थोपवायची ताकद पुरुषाच्याच स्नायूंची आहे. कौशल्य वापरायला वेळ लागतो. चेंडू पायात आला, मान वर केली, पास दिला, एवढ्याला जो सेकंद मिळतो तो समोरचा किती वेगाने अंगावर येतो त्यावर ठरतो. महिला लीगमध्ये मिळणारा तो सेकंद पुरुषांच्या लीगमध्ये पाऊण सेकंद झाला, तर पायातली जादू तीच राहूनही कमी दिसेल.

म्हणून मला वाटतं, आली तर आधी मधल्या फळीतली खेळाडू येईल. चेंडू येण्याआधीच जिला पुढचं दिसतं, अशी. गोलकीपर नाही, कारण तिथे हाताची पोच आडवी येते. स्ट्रायकर नाही, कारण तिथे वेग.

उत्तर अमेरिकेतले इतर खेळ याबाबतीत थोडे सैल आहेत. कॅनडाची मॅनन रेयोम १९९२ मध्ये टॅम्पा बेच्या पुरुषांच्या आइस हॉकी संघाकडून एका सराव सामन्यात गोलकीपर म्हणून उतरली. अमेरिकन फुटबॉलमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाची सेरा फुलर २०२० मध्ये पुरुषांच्या संघाकडून किक मारायला आली. ती मूळची आपल्या फुटबॉलची गोलकीपर. तिथे फक्त किक मारण्यासाठी वेगळा खेळाडू ठेवता येतो, किक झाली की तो बाहेर. आपल्या फुटबॉलमध्ये फक्त फ्री किकपुरती जागा नसते. अकरांतल्या प्रत्येकाला धावायचं, अडवायचं, धक्के खायचे असतात.

## पंधरा वर्षांखालच्या मुलांकडून झालेले ते पराभव

हे टाळून चालणार नाही. मे २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाला न्यूकासल जेट्सच्या १५ वर्षांखालच्या मुलांनी ७-० ने हरवलं. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या महिला संघाला एफसी डॅलसच्या त्याच वयोगटातल्या मुलांनी ५-२ ने. दोन्ही सामने खरे आहेत.

पण ते सरावाचे सामने होते. असल्या सामन्यात प्रशिक्षक खेळाडू बदलून बदलून पाहतात आणि कोणी अंग झोकून टॅकल करत नाही. समोरची 'पोरं' म्हणजे गल्लीतली पोरं नव्हेत, व्यावसायिक क्लबच्या अकादमीतून वेचलेली, वयात येऊन वेग आणि ताकद मिळालेली मुलं होती. हे सगळं धरूनही निकालातून दिसायचं ते दिसतंच: शरीराची भिंत खरी आहे. ते मान्य करायला महिला फुटबॉलच्या चाहत्यांना लाज वाटायचं कारण नाही. ५७ किलोचा पैलवान ९७ किलोवाल्याकडून चीत झाला म्हणून आमच्या कोल्हापुरात त्याला कोणी कच्चा म्हणत नाही. त्याच्या वजनात त्याची कुस्ती बघायला आखाडा भरतो.

## बोलावणी आली, पण कशासाठी?

२००३ मध्ये इटलीच्या पेरुजा क्लबचे मालक लुचानो गाउची यांना आपल्या पुरुष संघात बाई हवी होती. क्लब तेव्हा इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये होता. स्वीडनच्या खेळाडूंना विचारून झालं, मग जर्मनीची बिर्गिट प्रिन्स. त्या वर्षीच्या वर्ल्ड कपमध्ये सगळ्यांत जास्त गोल करणारी, जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू. प्रिन्सने नकार दिला. मैदानापेक्षा बाकावर आणि वर्तमानपत्रातच आपण जास्त दिसू, ही तिची धास्ती होती. ती अनाठायी नव्हती. त्याच मालकाने त्याच वर्षी लिबियाचे हुकूमशहा गद्दाफी यांच्या मुलाला संघात घेतलं होतं.

मला खरी वाटते ती दुसऱ्या प्रकारची गोष्ट. जपानची युकी नागासातो, २०११ ची विश्वविजेती, सप्टेंबर २०२० मध्ये तिच्या गावाकडच्या हायाबुसा इलेव्हन या पुरुषांच्या क्लबकडून खेळायला गेली. कानागावा प्रांताची दुसरी श्रेणी, तिचा थोरला भाऊ त्याच संघात. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये १९ वर्षांच्या एलेन फोकेमाला मेनाम गावच्या फोआरुत क्लबच्या पुरुषांच्या पहिल्या संघात खेळायची परवानगी तिथल्या फुटबॉल संघटनेने दिली. पाच वर्षांची असल्यापासून ती त्याच मुलांबरोबर खेळत होती. वय वाढलं म्हणून त्यांना सोडायचं नव्हतं, एवढीच तिची मागणी होती. दोन्ही ठिकाणी पगारी फुटबॉल नव्हतं. पण दार असं खालून, गावच्या क्लबपासून उघडतं.

## "लागलं-बिगलं तर?"

काळजी रास्त आहे. गुडघ्याच्या आत एक बळकट पट्टा असतो, एसीएल म्हणतात तो. तो तुटण्याचा धोका महिला खेळाडूंना पुरुषांपेक्षा दुपटीहून जास्त असतो, तोही बायकांमध्येच खेळताना. त्यात ऐंशी-नव्वद किलोचा बचावपटू आदळला तर काय, हे विचारायलाच हवं.

पण ही काळजी कोणी कशी वापरली, तेही पाहावं. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, केर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना पाहायला ५३,००० माणसं आली होती. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ बायकांसाठी योग्य नाही असं म्हणत आपल्या क्लबांच्या मैदानांवर त्यांना बंदी केली. ती पन्नास वर्षं टिकली. मोटारसायकल शर्यतीत, गिर्यारोहणात सज्ञान माणूस आपला धोका आपण ठरवतो. इथेही डॉक्टरांनी तपासावं, क्लबने खबरदारी घ्यावी आणि शेवटचा शब्द तिचा असावा.

## यातून महिला फुटबॉल पोकळ होईल का

एखाददुसरी गेल्याने नाही. पैसा, प्रेक्षक, बक्षिसं महिला लीगमध्येच वाढत आहेत, तेव्हा बहुतेकींना जायचं कारणही नाही. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ऑर पुरस्कार तीन वेळा मिळवणारी स्पेनची ऐताना बोन्माती पुरुषांच्या तिसऱ्या श्रेणीत बाकावर बसायला कशाला जाईल? माझा जीव तुटतो तो तिच्या पातळीवरच्या खेळाडूंसाठी नाही, बारा ते अठरा वयाच्या मुलींसाठी. बोन्मातीसुद्धा लहानपणी मुलांच्या संघांतूनच खेळली. दमदार मुलांबरोबर खेळल्याने निर्णय लवकर घ्यायची सवय लागते, पहिला स्पर्श सुधारतो. म्हणूनच इंग्लंडमध्ये मिश्र खेळाची वयोमर्यादा अकरावरून वाढत वाढत अठरापर्यंत नेली गेली.

आमच्याकडे तालमींच्या संघांचा सामना असला की शाहू स्टेडियम भरून जातं, गल्लोगल्ली चेंडू खेळतात. माझा भाचा ज्या मैदानावर सरावाला जातो तिथे पंचवीस मुलांत एक मुलगी आहे, बारा वर्षांची. मागच्या रविवारी पाहिलं. चेंडू तिच्याकडे येत होता आणि तिची नजर चेंडूवर नव्हतीच. डाव्या बाजूने पळणाऱ्या पोराकडे तिने आधीच बघून ठेवलं होतं. चेंडू पायाला लागला आणि गेलाही. दोन मुलं ती होती तिथे येऊन नुसतीच थांबली. कोच म्हणाले, "हिच्याइतकं वर बघून खेळणारं पोरगं माझ्याकडे नाही."

जूनमध्ये ती तेरा पूर्ण करेल. चौदा वर्षांखालच्या स्थानिक स्पर्धेचा अर्ज आला आहे आणि त्यावर 'मुलगे' असं छापलंय. गावात तिच्या वयाच्या मुलींचा संघ उभा राहील एवढ्या मुली अजून खेळत नाहीत. तिच्या आईने मला विचारलं, "ताई, नाव पाठवून बघू का?" मी म्हटलं, पाठवा. कोचांनी संघाच्या यादीत सातव्या क्रमांकावर तिचं नाव लिहून अर्ज दिला आहे.